चार बादल्या, एक पैसा

फेब्रुवारी संपत आला की इंदूरच्या शाळांमधून व्हिनेगरचा वास यायला लागतो. 28 तारखेला राष्ट्रीय विज्ञान दिन. 1928 साली याच दिवशी रामन यांना प्रकाशाच्या विकिरणातला तो सुप्रसिद्ध परिणाम दिसला. अंधाऱ्या खोलीत बसून द्रवातून येणाऱ्या प्रकाशाची पुसटशी वेगळी छटा न्याहाळायची, असलं ते शांत आणि डोळ्यांची परीक्षा पाहणारं काम होतं. त्यांच्या नावाने आपण ज्वालामुखी उडवतो. खायचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग, भस्सकन फेस, टाळ्या. मग रॉकेट, धूर, पुन्हा टाळ्या.

परीक्षक म्हणून मला अशा प्रदर्शनांना बोलावतात. भौतिकशास्त्र शिकवण्यात उमर गेली, त्यामुळे नाही म्हणवत नाही. टेबलामागच्या मुलाला मी एकच विचारते, "फेस किती उंच जाईल असं तुला वाटलं होतं?" मूल बावचळून शिक्षकांकडे बघतं. असा प्रश्न पाठांतरात नसतो. त्याला काहीच वाटलेलं नसतं. फेस येणार हे ठरलेलं होतं, तो आला, संपलं.

माझी तक्रार धुराशी नाही. धूर मलाही आवडतो. पण "विज्ञान मजेदार करा" म्हणताना आपण मजा बाहेरून आणून चिकटवतो, लग्नातल्या घोड्याला झूल घालावी तशी, आणि खालचा घोडा कुणी बघत नाही. ऊर्जेच्या धड्याचं तर हे हमखास होतं. पहिल्याच ओळीत व्याख्या, "कार्य करण्याची क्षमता म्हणजे ऊर्जा". दुसऱ्या पानावर गतिज आणि स्थितिज. तिसऱ्या पानावर पवनचक्कीचं रंगीत चित्र. पाठ्यपुस्तकात ज्यूल येतो तो एककांच्या कोष्टकात, एखाद्या दूरच्या नातेवाइकासारखा. एक ज्यूल म्हणजे केवढं, हे दहावी झालेल्या मुलाला विचारून बघा. बारावी झालेल्यालाही विचारा. भंवरकुआँच्या एका मोठ्या क्लासमधला, आयआयटीची तयारी करणारा भाच्यांच्या पिढीतला एक हुशार मुलगा माझ्या ओट्यावर बसून अवघड गणितं चटाचट सोडवायचा. त्याला विचारलं, "तू जिना चढून वर आलास, त्याला विजेच्या भावाने किती पैसे पडले असते?" तो हसला. म्हणाला, "मावशी, असं नसतं विचारत."

असंच विचारायचं असतं, असं माझं मत आहे.

रविवारी सकाळी राजेंद्रनगरमध्ये आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये आठवी ते दहावीची मुलं जमतात. पोहे-जलेबी खाऊन आलेली असतात, म्हणजे इंधन भरलेलं असतं. निम्म्या मुलांच्या घरी मराठी, निम्म्यांच्या घरी हिंदी. मराठी मुलं मला मावशी म्हणतात, बाकीची मॅम. बोलणं दोन्ही भाषांत, आणि भांडण सुरू झालं की शुद्ध इंदुरीत. फी नाही, परीक्षा नाही. नियम एकच आहे. प्रयोगाआधी प्रत्येकाने आपला अंदाज कागदावर लिहायचा, आणि तो आकड्यात लिहायचा. "जास्त होईल", "गरम होईल" चालणार नाही. किती जास्त? किती गरम? खालच्या कोपऱ्यात सही. सहीचा आग्रह माझा, कारण सही केली की माणूस आपल्या मताला चिकटतो, आणि चिकटलेलं मत सुटताना जो आवाज येतो तोच मला ऐकायचा असतो.

बादलीचा खेळ असा सुरू झाला. दहा लिटरची बादली पाण्याने भरायची आणि गच्चीवर न्यायची. लिफ्ट वापरायची नाही. पायऱ्या मुलांनीच मोजल्या, पट्टीने एका पायरीची उंची घेतली: 15 सेंटिमीटर, आणि पायऱ्या 75. म्हणजे सव्वाअकरा मीटर. बादली वर गेली, मुलं धापा टाकत खाली आली, तळहातावर कडीचे लाल वळ. तेव्हा प्रश्न टाकला: "हेच काम विजेने केलं असतं तर वीज कंपनीने किती पैसे घेतले असते? लिहा."

कुणी वीस रुपये लिहिले, कुणी पाच. मजूर एका फेरीचे किती घेतो यावरून एकाने पन्नासचा भाव काढला, आणि तो चुकीचा विचार नव्हता. सगळ्यात कंजूष अंदाज एका मारवाडी मुलीचा, चार आणे.

मग सगळ्यांना जिन्याखालच्या मीटरपाशी नेलं. हल्लीच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. घरोघरी असतो, पण त्याच्याकडे बघायची वेळ फक्त मीटर वाचायला आलेल्या माणसावर येते. त्याच्याशेजारी एक आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर 3200 आहे. काही मीटरवर दुसरा असतो. अर्थ असा की दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. एक युनिट म्हणजे 36 लाख ज्यूल. भागाकार मुलांनी जमिनीवर खडूने केला: एक लुकलुक म्हणजे 1125 ज्यूल.

आता बादली. दहा किलो पाणी, गुरुत्वाचा 9.8 सोयीसाठी 10 धरला, उंची सव्वाअकरा मीटर. गुणाकार: 1125 ज्यूल.

क्षणभर कुणालाच कळलं नाही की दोन उत्तरं एकच आहेत. मग आरडाओरडा झाला. तो दिवा एकदा डोळा मिचकावतो तेवढ्यात एक बादली गच्चीवर जाते! युनिटचा भाव सगळं धरून आठ रुपये घ्या, म्हणजे 800 पैसे. 3200 बादल्यांना 800 पैसे. चार बादल्यांचा एक पैसा.

पन्नास रुपये लिहिणारा मुलगा मीटरपाशी बराच वेळ उभा होता. मारवाडी मुलगीही खूश नव्हती, तिचे चार आणेसुद्धा शंभरपट निघाले होते. ती म्हणाली, "मॅम, इतना सस्ता है तो पापा बिल देखके चिल्लाते क्यों हैं?" तिला म्हटलं, घरी जा आणि मीटरसमोर बस. एकेक उपकरण लावून दोन लुकलुकींमधला वेळ मोज. साधा 75 वॅटचा पंखा लावला तर पंधरा सेकंदांनी एकदा. दोन किलोवॅटचा गीझर लावला तर एका सेकंदात जवळजवळ दोनदा, मोजताना धांदल उडते. म्हणजे गीझर चालू असताना कुणीतरी अदृश्य माणूस सेकंदाला दोन बादल्या गच्चीवर फेकतोय. पुढच्या रविवारी ती वही भरून आकडे घेऊन आली. वडिलांचा आवाजही जरा खाली आला होता म्हणे, त्याचं श्रेय मी घेत नाही.

या खेळातली सगळ्यात चांगली हरकत मी शिकवलेली नाही. कुणाचा तरी सातवीतला बारका भाऊ नुसता बघायला आला होता, तो म्हणाला, "मावशी, बादलीबरोबर मी पण वर गेलो ना! माझं वजन कुठं गेलं?" बरोबर होतं त्याचं. चाळीस किलोचं पोर दहा किलो पाणी घेऊन चढतं, म्हणजे एका बादलीपायी चार बादल्या फुकट चढतात. एकूण पाच लुकलुकी. त्यात शरीराचा कारभार असा की खाल्लेल्या ऊर्जेपैकी स्नायूंकडून काम होतं ते वीस-पंचवीस टक्के, बाकीची उष्णता. म्हणून तर घाम येतो. पोह्यांच्या एका प्लेटीत साधारण अडीचशे किलोकॅलरी धरल्या, म्हणजे सुमारे साडेदहा लाख ज्यूल, तर त्यावर बादलीसकट चाळीसेक फेऱ्या निघतात. जलेबी वेगळी. शेव किती घातली यावरून वाद झाला, तो मी मिटवला नाही. (वजन मात्र मी कुणाला चारचौघांत विचारत नाही. ज्याला त्याला आपलं आपण घालायला सांगते. चौदा वर्षांच्या वयात ज्यूलपेक्षा ते आकडे जास्त बोचतात.)

विजेची किंमत इतकी कमी असते हे मुलांना मोठ्यांच्या कुठल्याही भाषणाने पटलं नसतं. आणि विजेची ताकद इतकी मोठी असते, हेही. एकाच भागाकारातून दोन्ही गोष्टी अंगाला लागल्या, कारण तळहातावर वळ होते आणि कागदावर स्वतःची सही होती.

इंदूरकरांना ऊर्जा शिकवायला आणखी एक हक्काची गोष्ट आहे, ती म्हणजे नळ. आपलं पाणी येतं नर्मदेतून, मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सत्तरेक किलोमीटरवरून. 1970 मध्ये शहराने त्यासाठी आंदोलन केलं, 1978 मध्ये पाणी आलं. माझ्या सासरी ती गोष्ट अजून सणासारखी सांगतात. पण सत्तर किलोमीटर हे अंतर आडवं आहे. पैसे लागतात ते उभ्या अंतराला. नदी खाली निमाडात, शहर वर माळव्याच्या पठारावर, मध्ये विंध्याची भिंत. पाणी पाचशे मीटरहून जास्त चढवावं लागतं. पाचशे धरू.

दहा लिटरची बादली पाचशे मीटर वर: 50 हजार ज्यूल, म्हणजे 44 लुकलुकी. मुलांना हे थोडंच वाटलं. आता विचारलं, तीच बादली आंघोळीसाठी वीस अंशांनी तापवायची, तर किती लुकलुकी? अंदाज आले: दहा, वीस, चाळीस. विंध्य चढवण्यापेक्षा पाणी कोमट करणं सोपं असणार, हे सगळ्यांना न सांगता ठाऊक होतं. उत्तर: 8 लाख 40 हजार ज्यूल. लुकलुकी साडेसातशेच्या आसपास. नर्मदेचं पाणी जलूदहून इंदूरला उचलून आणायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या जवळजवळ सतरापट ऊर्जा तेच पाणी न्हाणीघरात कोमट करायला. वीस अंश म्हणजे उंचीच्या भाषेत 8400 मीटर. एव्हरेस्ट 8849 मीटर. रोज सकाळी आपण एक बादली एव्हरेस्टच्या खांद्यापर्यंत नेतो आणि डोक्यावर ओतून घेतो.

"झूठ!" पोरं ओरडली. मी खडू पुढे केला. तीन वेगवेगळ्या गटांनी तीनदा गणित केलं. एकाने शून्य विसरलं तेव्हा तात्पुरता दिलासा मिळाला, मग शून्य सापडलं. ते अविश्वासाचं तोंड मला कुठल्याही ज्वालामुखीपेक्षा आवडतं. उष्णतेत इतकी ऊर्जा दडलेली असते आणि ती दिसत नाही, आवाज करत नाही, हात दुखवत नाही. एकोणिसाव्या शतकापर्यंत माणसांना उष्णता आणि काम हे एकाच चलनातले व्यवहार आहेत हे का कळलं नाही, याचं कारणही यातच आहे. केवढंही काम केलं तरी पाणी जेमतेम तापतं.

इथे ज्यूलला आणायचं, ज्याच्या नावाचं हे एकक आहे त्या माणसाला, कोष्टकातून उठवून. मँचेस्टरकडचा, बिअर गाळणाऱ्या घराण्यातला. 1840 च्या दशकात त्याने वजनं खाली सोडून त्यांच्या ओढीने पाण्यात पंखा फिरवला आणि पाणी किती तापतं ते अंशाच्या बारीक बारीक भागांत मोजत राहिला. 1845 मध्ये त्याने लिहिलं की नायगाराचं पाणी 160 फूट कोसळतं, तर तळाशी ते फॅरेनहाइटच्या एक पंचमांश अंशाने गरम असलं पाहिजे. 1847 मध्ये त्याचं लग्न झालं. त्याच सुमारास आल्प्समध्ये वाटेत तो अचानक भेटला, हातात लांबलचक थर्मामीटर आणि नवी नवरी मागे गाडीत, अशी आठवण विल्यम टॉमसनने, म्हणजे पुढच्या लॉर्ड केल्व्हिनने, नंतर सांगितली आहे. दोघांनी धबधब्यावर मोजायचं ठरवलं, पण पाण्याचा नुसता तुषार होत होता, जमलं नाही. मुलींना ही गोष्ट सांगितली की त्या एकमुखाने नवरीची बाजू घेतात.

आपल्याला आल्प्स नको, महूजवळ पातालपाणी आहे. उंची साधारण 300 फूट, म्हणजे 90 मीटर. पावसाळ्यात पातालपाणी-कालाकुंडच्या छोट्या गाडीतून बघायला निम्मं इंदूर जातं. हिशोबाने वरच्यापेक्षा खालचं पाणी सेल्सिअसच्या एक पंचमांश अंशाने गरम हवं. मोजायला जाऊ नका. तिथला काठ निसरडा आहे, पाणी अचानक वाढतं, आणि उन्हाचा-वाऱ्याचा परिणाम त्याहून मोठा. त्याऐवजी मीटरभर लांबीचा प्लॅस्टिकचा पाइप घ्या, सायकलच्या दुकानातून बेअरिंगचे छर्रे आणा, दोन्ही टोकांना बुचं लावा. पाइप उभा उलटा-सुलटा करा, शंभर वेळा. प्रत्येक वेळी छर्रे मीटरभर कोसळतात. हिशोबाने दोन अंशांहून थोडं जास्त तापायला हवं, हाती दीडेक अंश येतो. छर्रे कमी घेतले काय, जास्त घेतले काय, उत्तर तेच, कारण वजन दोन्हीकडून कटतं; हे मुलांना अजिबात पटत नाही, म्हणून त्यावर अंदाज लिहून घेतलाच पाहिजे. आणि उरलेला अर्धा अंश कुठे गेला, यावर अर्धा तास जातो. पाइपात, हवेत, हाताच्या उबेचा उलटा परिणाम, शेजारच्या काकूंच्या डोक्यात. शंभर वेळा छर्रे आपटले की त्या गॅलरीत येतातच.

लोलकाचा प्रयोग सगळ्यांना माहीत आहे, तरी मी तो सोडत नाही. माझ्या घरी झोपाळ्याची कडी आहे, झोपाळा काढून तिला किराणा दुकानातलं पाच किलोचं लोखंडी वजन दोरीने टांगते. मूल भिंतीला डोकं टेकून उभं राहतं, वजन हनुवटीला लावतं आणि नुसतं सोडून देतं. ढकलायचं नाही, पुढे झुकायचं नाही. दोरी आधी मी स्वतः लोंबकळून तपासते. वजन दूर जातं, परत येतं, हनुवटीच्या अलीकडे थांबतं. ऊर्जा अक्षय्यतेचा नियम धडाधड म्हणणारं मूलही डोळे गच्च मिटतं. का मिटलेस? नियमावर विश्वास नाही? इथे कुणाला हसायचं नसतं. नियम पाठ असणं आणि हनुवटी हलू न देणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, आणि बहुतेक शाळा पहिल्या पायरीवरच गुण वाटून मोकळ्या होतात.

सायकलचा डायनॅमोही असाच. दिवा जोडला की पायडल जड होतं, दिवा काढला की हलकं. ऊर्जा कुठून येते हे पायांना कळतं. पण यात एक आधुनिक अडचण आहे: एलईडी इतका कमी खातो की पायाला फरकच कळत नाही. त्यामुळे मी सियागंजच्या जुन्या दुकानांतून तारेचे दिवे शोधून आणते आणि जपून ठेवते. कधी 60 वॅटचा जुना बल्ब आणि 9 वॅटचा एलईडी शेजारी लावते. उजेड जवळपास सारखा. "मग वरचे एक्कावन्न वॉट कशाला?" असं कुणी विचारलं की बल्बजवळ हात धरायला सांगायचं. लावायचा नाही, जवळ धरायचा.

शहरात राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे, त्यातलं इंडस-2 हे यंत्र इलेक्ट्रॉन अडीच अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टांपर्यंत (हे ऊर्जेचं अगदी चिमुकलं एकक) पळवतं. मुलांना "अब्ज" ऐकून घाम फुटतो. पण 172 मीटरच्या कड्यात एका वेळी फिरणाऱ्या सगळ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मिळवली, 300 मिलिअँपिअरचा पूर्ण प्रवाह धरून, तर ती 430 ज्यूलच्या आसपास भरते. अर्ध्या लुकलुकीपेक्षा कमी. आमची बादली दुसऱ्या मजल्यावरसुद्धा पोचणार नाही! यंत्र चालवायला वीज लागते ती कितीतरी पटींनी जास्त, ती गोष्ट वेगळी.

एवढं सगळं झाल्यावर एक दिवस तो प्रश्न येतोच. दरवर्षी वेगळं मूल विचारतं, पण प्रश्न तोच. "ऊर्जा नष्ट होत नाही म्हणता, मग वाचवायची कशाला? लाइट बंद का करायची?" पुष्कळ शिक्षक इथे चिडतात किंवा पर्यावरणाकडे वळतात. पुस्तकातही या प्रश्नाला जागा नाही, आणि माझ्या मते ऊर्जेच्या धड्यातला खरा प्रश्न तोच आहे.

त्यासाठी जेल रोडवरून एक चौकोनी पांढरी चकती आणलेली आहे, पेल्टिअर मॉड्यूल म्हणतात, दोन-तीनशे रुपयांना मिळते. तिच्या एका बाजूला कढत पाण्याचं स्टीलचं भांडं, दुसऱ्या बाजूला बर्फाच्या पाण्याचं. मधून निघालेल्या दोन तारा एका छोट्या मोटरला, मोटरवर कागदाचा पंखा. खेळण्यातली साधी मोटर हट्टी असते, ढिम्म हलत नाही. सौर खेळण्यांत येते ती कमी व्होल्टवरची मोटर घ्यावी. पंखा फिरू लागतो. बॅटरी नाही, प्लग नाही. मुलं खाली वाकून वायर शोधतात. आधी लिहून घेतलेलं असतं: किती मिनिटं फिरेल? "पाणी गार होईपर्यंत" असं उत्तर नको, मिनिटं सांगा.

पंखा मंदावत जातो आणि थांबतो. तेव्हा दोन्ही भांड्यांत बोट घालायला लावते. दोन्ही कोमट. गरम भांड्याने गमावलेली बहुतेक सगळी उष्णता गार भांड्यात आलेली आहे. खोलीत थोडी गेली, पंख्याने चिमूटभर घेतली. ऊर्जा आहे. भांड्यांत भरपूर आहे, लाखभर ज्यूल. पंखा मात्र फिरत नाही आणि आता फिरणारही नाही. नष्ट काहीच झालं नाही, तरी काहीतरी संपलं. काय संपलं?

एन्ट्रॉपी (ऊर्जा किती पसरून गेली याचं शास्त्रीय माप) हा शब्द मी इथे काढत नाही. दहावीच्या मुलाच्या तोंडून "फरक" हा शब्द यायची वाट बघते, आणि तो येतो. फरक संपला. एकदा आमच्या वरच्या मजल्यावरचे आजोबा हे बघत बसले होते, उमेदीच्या काळात कापड मिलच्या बॉयलरवर होते. म्हणाले, "आमच्या मिलमागचा नाला बाराही महिने कोमट असायचा. थंडीत मजूर त्यात हातपाय धुवायचे. त्या नाल्यात इतकी गर्मी वाहून जायची, पण तिच्यावर एक चाती फिरली नसती." माझ्या सगळ्या तासांपेक्षा त्या नाल्याने जास्त शिकवलं, असं म्हणायला माझी हरकत नाही. दिवा बंद करायचा तो ऊर्जा नाहीशी होऊ नये म्हणून नाहीच. विजेच्या रूपात ती हवं ते काम करू शकते. खोलीच्या कोमटपणात पसरली की फक्त कोमट असते.

हे अंदाज लिहून घेण्याचं खूळ मला कुठून लागलं असं कुणी विचारलं तर त्याचा पत्ता होशंगाबाद जिल्हा, आताचा नर्मदापुरम. वडिलांची बदली पिपरियाला झाली होती, मी सहावीत. तिथल्या सरकारी शाळेत विज्ञानाच्या तासाला खोकं उघडायचं आणि चार-चारच्या टोळीने प्रयोग करायचे. 1972 मध्ये किशोर भारती आणि रसुलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी सोळा शाळांत सुरू केलेला तो होशंगाबाद विज्ञानशिक्षण कार्यक्रम. 1978 पासून जिल्हाभर पसरला, पुढे एकलव्य संस्थेने सांभाळला. परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती, कारण प्रश्नांची उत्तरं पुस्तकात नसायचीच. सवालीराम नावाच्या, अस्तित्वात नसलेल्या गृहस्थाला मुलं पत्रं लिहायची आणि उत्तर यायचं. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी यांतून आकार जोडण्याची अरविंद गुप्तांची किमया त्याच वातावरणातली. 2002 मध्ये राज्य सरकारने तो कार्यक्रम बंद केला. मुलांना इतर जिल्ह्यांपेक्षा वेगळं शिकवून तुम्ही मागे ठेवता, असा सूर होता. मला इंदूरला परत आल्यावर आठवीत पहिल्यांदा "प्रयोगाचे निष्कर्ष" फळ्यावरून उतरवून घ्यायला सांगितलं, तेव्हा मागे पडणं कशाला म्हणतात ते समजलं.

आता शाळांत स्मार्टबोर्ड आलेत. लोलकाची ॲनिमेशन सुंदर असतात, रंगीत पट्ट्या वरखाली होतात, गतिज निळी, स्थितिज लाल. वाईट नाहीत. पण पडद्यावरचा लोलक कुणाच्या हनुवटीपाशी येत नाही, आणि चित्राला कुणी खोटं म्हणत नाही.

सध्या जलूदचं गणित चालू आहे. 2023 मध्ये इंदूर महापालिकेने 244 कोटी रुपयांचे ग्रीन बाँड, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे, काढले, पाणी उपसायच्या विजेसाठी जलूदला 60 मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारायला. बातमी वाचून मुलांनी विचारलं, साठ मेगावॅट म्हणजे किती बादल्या? दिवसातले पाच तास पूर्ण ऊन धरलं तर तीन लाख युनिटं. पंप अजिबात वाया न घालवणारे असते तर त्यात एकवीस कोटी लिटरहून जास्त पाणी पाचशे मीटर चढलं असतं. खरे पंप तसे नसतात, सत्तर किलोमीटर पाइपाचं घर्षण आहे, आणि रात्री ऊन नसतं. किती कापायचं यावरून दोन तट पडलेत. एक तट म्हणतो निम्मं कापा, दुसरा म्हणतो एक तृतीयांश. दोन्हीकडच्या सह्या माझ्याकडे आहेत.

मधेच त्या बारक्या भावाने नवीन कळ काढली. लिफ्टला पलीकडून मोठं वजन बांधलेलं असतं हे त्याने मेकॅनिककडून काढून घेतलंय, आणि ते रिकाम्या डब्यापेक्षा जड असतं हेही. त्याचं म्हणणं, मग रिकामी लिफ्ट वर जाताना वीज कमी खाईल आणि खाली येताना जास्त! बाकीच्यांनी त्याला वेड्यात काढलं. अंदाज सगळ्यांचे लिहून झालेत, तो एकटा एका बाजूला. लिफ्टचं मीटर गच्चीवरच्या कुलूपबंद खोलीत आहे, किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडे, आणि छर्ऱ्यांच्या प्रकरणापासून ते आमच्यावर जरा नाराज आहेत. अर्ज दिलाय.